फी माफ झाली, मग कॉलेजनं आणखी काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, बैठकांमध्ये सहकारी विचारतात, लग्नाकार्यात नातेवाईकही विचारतात: राखीव जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे, 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, मग मागास, गरीब, खेड्यातल्या मुलांसाठी इंजिनिअरिंग कॉलेजनं आणखी करायचं तरी काय? मी पहिल्या वर्षाला गणित शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर एवढंच आहे की, मुलाला मागायला लावू नका.

मदत नाही असं नाही. योजना आहेत, बुक बँक आहे, समुपदेशक आहे, तक्रार निवारण समितीचा फलक भिंतीवर आहे. पण प्रत्येक ठिकाणी पहिलं पाऊल मुलानं टाकायचं असतं. ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्याला असं काही मागता येतं हेच माहीत नसतं. कळलं तरी मागताना जात, घरचं उत्पन्न, कच्चं इंग्रजी किंवा राहिलेला विषय, यांतलं काहीतरी चारचौघांत सांगावं लागतं. अठराव्या वर्षी ते फार जड जातं. त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त गरज असते, तोच सगळ्यात शेवटी येतो, बहुतेकदा पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागून गेल्यावर.

पैशाचंच बघा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्यानं कॉलेजात भरायची असते. तो हप्ता कधी पडेल हे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर रोज लॉगिन करूनही कळत नाही. तेवढ्यात परीक्षेचे फॉर्म सुटतात आणि ऑफिसच्या खिडकीवर ऐकायला मिळतं, ‘आधी मागची बाकी भर.’ मग वडील हातउसने घेतात, आई बचत गटातून उचल घेते, नाहीतर मुलगा गावी निघून जातो आणि आठवडाभर वर्गात दिसत नाही. हजेरीपटावर त्याची नोंद फक्त गैरहजर अशी होते. सरकारकडून येणं बाकी आहे ते कॉलेजनं सरकारकडे मागावं. त्या बाकीपायी कुणाचा परीक्षा फॉर्म, हॉलतिकीट किंवा मूळ कागदपत्रं अडवू नयेत. कॉलेजजवळ माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून एक छोटा बिनव्याजी निधी असावा आणि त्यातून पैसे देण्यासाठी जीएफएमची, म्हणजे ठरावीक मुलांकडे लक्ष देणाऱ्या पालक-शिक्षकाची, एक सही पुरेशी असावी. 2024 मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाची धनबादच्या आयआयटीतली जागा गेली, कारण 17,500 रुपये वेळेत भरता आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 30 सप्टेंबरला ती जागा त्याला परत द्यायला लावली. तो दिल्लीपर्यंत पोचला म्हणून आपल्याला कळलं.

राहण्याचंही तेच. सरकारी वसतिगृहाची यादी बऱ्याचदा वर्ग सुरू होऊन गेल्यावर लागते. ज्यांचा नंबर लागत नाही त्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत, पण ती रक्कम हातात येईपर्यंत खोलीची अनामत, कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे आगाऊ पैसे कुणी द्यायचे? शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेक वसतिगृह उभं केलं, ते खेड्यातला मुलगा शहरात राहू शकला तरच शिकेल हे ओळखून. आमच्या कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत महाराजांचा फोटो असतो. पहिल्या दोन महिन्यांसाठी दहा खाटांची तात्पुरती सोय करणं त्या फोटोच्या शेजारी शोभून दिसेल.

पहिल्या आठवड्यातला खर्च लहान दिसतो, पण तोही बोचतो. मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा आखायचं साधन), ड्रॉइंग शीट, वर्कशॉपचा एप्रन, बूट, कॅल्क्युलेटर. ही यादी हातात पडली की काही मुलं दुसऱ्याच दिवशी सगळं घेऊन येतात, काही ‘विसरलो मॅडम’ म्हणत तीन प्रॅक्टिकल घालवतात. सेमिस्टर संपलं की सीनियरांचे ड्राफ्टर कपाटावर धूळ खात पडतात. ते जमा करून ग्रंथालयातून पुस्तकासारखे सर्वांना द्यावेत. सर्वांना, म्हणजे घेणाऱ्याकडे कुणी वळून बघणार नाही.

आता माझा विषय. पहिल्या सेमिस्टरचं गणित आणि ड्रॉइंग इथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलाची अकरावी-बारावी इंग्रजीतून झालेली असते, सूत्रं त्याला येतात. त्याला अडतं ते चार ओळींचा प्रश्न वाचून नेमकं काय काढायचंय ते ठरवताना, आणि वर्गात हात वर करून पूर्ण इंग्रजी वाक्य बोलताना. मी फळ्यावर इंग्रजीत लिहिते आणि समजावते मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जे लागेल त्यात. शंका कुठल्याही भाषेत विचारा, हे पहिल्याच तासाला सांगते. त्यानं पातळी खालावते असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते, कारण ओरलला गप्प बसणाऱ्या मुलाला विषय येत नाही, असं धरून चालणंच मला चुकीचं वाटतं.

अशा मुलांसाठी आपण काय करतो? रेमेडियल क्लास, म्हणजे मागे पडलेल्यांसाठी जादा तास. संध्याकाळी पाचनंतर, जेव्हा गावाकडे जाणारी शेवटची एसटी सुटते, आणि नोटीस बोर्डावर नापासांची यादी लावून. मुलं येत नाहीत, मग अहवालात ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कमी’ असं लिहिलं जातं. युरी ट्राइसमन या गणितज्ञानं 1970च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला कॅल्क्युलसच्या वर्गात पाहणी केली. चांगले गुण घेऊन आलेली कृष्णवर्णीय मुलं तिथे नापास होत होती. प्राध्यापकांना वाटत होतं, तयारी कच्ची असेल किंवा घरून पाठिंबा नसेल. ट्राइसमनला दिसलं ते असं की, चिनी वंशाची मुलं गटानं बसून गणितं सोडवत होती आणि ही मुलं खोलीत एकटी घोकत बसत होती. त्यानं रेमेडियल काढलं नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन मुलांना गटात बसवलं, आणि त्यांचे निकाल सुधारले. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्यात मुलाला कमी लेखलेलं नाही. आपल्याकडे ट्युटोरियलचा तास वेळापत्रकात आहेच. त्यात चौघांचे गट शिक्षकानं पाडावेत आणि ते गट सेमिस्टरभर टिकवावेत. प्रोजेक्टचे गटही मुलांवर सोडू नयेत. सोडले तर एकाच कोचिंग क्लासमधली, एकाच शहरातली, एकाच आडनावांची मुलं एकत्र येतात आणि शेवटी उरलेल्यांचा एक गट होतो. त्या गटाची मुलं कोण असतात हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असतं.

जातीबद्दल स्पष्टच बोलते. शिपाई वर्गात येऊन ‘स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा’ म्हणतो, हे आजही घडतं. एक निरोप मोबाइलवर गेला असता. पहिल्या आठवड्यात ‘सीईटीला किती पर्सेंटाइल, कुठल्या कॅटेगरीतून?’ हा प्रश्न ओळख करून घेण्यासाठी विचारला जातो असं म्हणतात. ज्याला विचारला जातो त्याला तो कशासाठी आहे ते बरोबर कळतं. पवईच्या आयआयटीत फेब्रुवारी 2023 मध्ये पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेनं जेईईची रँक किंवा जात उघड होईल असं काहीही एकमेकांना विचारू नये, अशा सूचना काढल्या. तेवढ्यानं सगळं बदलत नाही, हे मलाही दिसतं. पण अशी सूचना लिहून काढायला प्रत्येक कॉलेजनं आपल्याकडे काही घडायची वाट बघायची का? इंडक्शनच्या पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी स्वतः उभं राहून हे सांगावं, आणि शिक्षकांनाही तोच नियम लावावा.

आणि हे सगळं करणार कोण, तर जीएफएम. आज ते काम म्हणजे हजेरी कमी झाली की पालकांना फोन लावणं. वीस मुलांचा जीएफएम असेल, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रत्येकाशी खोलीचं, पैशाचं, अभ्यासाचं बोलणं झालंच पाहिजे असा नियम असेल, तर कुणाला मागायला यावं लागणार नाही. मात्र हे काम शिक्षकाच्या वर्कलोडमध्ये तासांनिशी धरलं पाहिजे. आत्ता ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत आहे आणि वेळापत्रकात नाही. पुढच्या वेळी बैठकीत तुम्ही मला हा प्रश्न विचाराल, तेव्हा आधी आठवड्याचे दोन तास मंजूर करा. बाकीच्या कामाचा आराखडा मी त्याच दिवशी देते.