दुसरा अर्ज

त्या बुधवारी माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क भलत्याच कुणाच्या तरी ईमेलमध्ये अडकून पडला होता. तारीख 21 डिसेंबर 2022, गाव इंग्लंडमधलं स्विंडन. तिथल्या एका छोट्या सल्ला केंद्रात मी स्थलांतराचे अर्ज आणि कागदपत्रं बघते. माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे कोंकणी कळते आणि मोडकीतोडकी बोलताही येते. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ, आणि ती दारात आली की माझ्याच टेबलाशी पाठवली जातात.

हे गृहस्थ दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे, पन्नाशीतले. मी त्यांना बाब म्हणते, ते मला बाय. गोदामातली रात्रपाळी संपवून थेट आले होते, डोळे लाल झाले होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पोर्तुगीज पासपोर्ट, वडिलांचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि पगाराच्या पावत्या. 19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आपले नागरिक म्हणून नोंदवून घेतं. गोव्यात याला ‘पोर्तुगीज केलं’ असंच म्हणतात. केलं की भारताचं नागरिकत्व जातं. म्हणजे परतीचा जुना रस्ता बाबांनी स्वतःच्या हाताने बंद केला होता, आणि तो केला होता युरोपच्या कायद्याच्या भरवशावर. पोर्तुगालचा नागरिक तो युरोपीय संघाचा नागरिक, आणि संघाचा नागरिक ब्रिटनमध्ये येऊन काम करू शकतो, एवढा सरळ तो भरवसा.

मग ब्रिटन संघातून बाहेर पडलं. आधीपासून राहणाऱ्यांसाठी अर्जाची योजना निघाली. पाच वर्षं सलग राहिलेल्यांना सेटल्ड स्टेटस, त्याहून कमी राहिलेल्यांना पाच वर्षांच्या मुदतीचं प्री-सेटल्ड. बाबांचा अर्ज एप्रिल 2019मध्ये एका एजंटाने भरला. अर्ज फुकट असताना त्याचे पैसे घेतले आणि ईमेल-मोबाइल स्वतःचेच घातले. स्टेटस मिळालं, पण त्याचं कार्ड नसतं, सगळं ऑनलाइन. एजंटचा फोन आता लागत नव्हता. एप्रिल 2024च्या आत दुसरा अर्ज केला नाही, तर राहण्याचा, काम करण्याचा, घर भाड्याने घेण्याचा हक्क संपणार होता. त्याची आठवण करून देणारं पत्र कुठे जाणार? त्याच एजंटच्या ईमेलवर.

“बाय, म्हजें कितें जातलें?” माझं काय होणार, त्यांनी विचारलं.

मी या योजनेच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. संगीत वाजत राहिलं. त्या वेळात मी ईमेल उघडली, आणि आम्ही सगळे सल्लागार नोव्हेंबरपासून ज्याची वाट बघत होतो तो निकाल आलेला दिसला.

तो काय होता ते सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल. या कामाची परीक्षा देताना मी पहिल्यांदा वाचला तो खटला स्पॅनिश मच्छीमारांचा. ब्रिटिश पाण्यातल्या मासळीचा कोटा मिळावा म्हणून स्पॅनिश मालकांनी आपल्या नौका ब्रिटिश म्हणून नोंदवल्या होत्या. 1988मध्ये संसदेने कायदा केला की मालक ब्रिटिश हवेत आणि इथेच राहणारे हवेत. हा कायदा युरोपच्या कायद्याविरुद्ध आहे म्हणत 95 नौकांचे मालक कोर्टात गेले. ब्रिटनची राज्यघटना एका ग्रंथात लिहिलेली नाही. तिचा कणा एकच, संसद सर्वश्रेष्ठ, तिचा कायदा कुठलंही कोर्ट बाजूला ठेवू शकत नाही. आणि 1990मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचं मत घेऊन हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, नेमका तो बाजूला ठेवला. कायदा त्या मालकांना लागू करू नका, असा हुकूम सरकारलाच दिला. न्यायमूर्तींचं म्हणणं असं की हे बंधन बाहेरून कुणी लादलेलं नाही. युरोपात सामील होण्याच्या 1972च्या कायद्याने संसदेने ते आपल्या खुशीने घेतलं आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण किनाऱ्यावरच्या इंग्रज मच्छीमाराला ते कसं वाटलं असेल, हे मला वाचतानाही कळत होतं.

आमच्या केंद्रात एक निवृत्त इंग्रज गृहस्थ दर बुधवारी येतात. चहा करतात, लोकांना फॉर्म भरायला मदत करतात. 2016मध्ये त्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं; या गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी दिलं. एकदा ते मला म्हणाले होते, या माणसांशी माझं काही वाकडं नाही, पण माझ्या गावात कोण राहील हे ठरवणाऱ्याला मला मत देऊन घरी पाठवता आलं पाहिजे. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. 1955 साली गोव्याच्या सत्याग्रहींना सीमेवरच्या बांद्यात जेवू घालणाऱ्यांत माझे आजोबा होते. आपल्या मातीचा कायदा दूरच्या राजधानीत ठरू नये, ही तळमळ मी घरातच पाहिली आहे. 19 डिसेंबर आमच्याकडे गोव्याचा मुक्तिदिन. आणि बाबांच्या पिशवीतल्या पासपोर्टचं मूळही त्याच तारखेत.

पण त्या दिवशीचा निकाल वाचताना मला सार्वभौमत्वाची दुसरी बाजू दिसली. बाहेर पडताना ब्रिटनने युरोपशी करार केला, आणि 2020मध्ये संसदेने तो कायद्यात उतरवला. त्या एकाच कायद्याचं कलम 38 सांगतं की संसद सार्वभौम आहे. त्याच कायद्याच्या कलम 5ने करारातले हक्क थेट ब्रिटिश कोर्टात मागता येतील अशी तजवीज केली. म्हणजे बाबांचा हक्क आता ब्रुसेल्सने, युरोपीय संघाने, लादलेला राहिला नव्हता. संसदेने आपल्या सार्वभौम तोंडाने दिलेला तो शब्द होता.

खटला चालवला होता नागरिकांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेने. ती ब्रिटिश सरकारनेच करारानुसार उभारलेली, आणि खटला होता गृहमंत्र्यांविरुद्ध. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेन यांचा निकाल मी दोनदा वाचला. करारात राहण्याचा हक्क कधी जाऊ शकतो ते लिहिलं आहे, आणि दुसरा अर्ज केला नाही हे त्यात कारण म्हणून कुठेच नाही. एकदा अर्ज करून मिळालेला हक्क, केवळ पुन्हा अर्ज केला नाही म्हणून आपोआप संपवणं बेकायदा आहे.

युरोपच्या जुन्या कायद्यात राहण्याचा हक्क आधी, कागद नंतर. कागद फक्त दाखला. ब्रिटनच्या नव्या योजनेत कागद आधी, तो नाही तर हक्कच नाही. हा बदल करारातच मान्य झालेला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिला कागद दिल्यावर दुसऱ्याची सापळ्यासारखी अट घालणं, आणि तीही वीस लाखांहून जास्त माणसांना, ज्यांत असे कित्येक की ज्यांना पहिला अर्ज कुणी भरला तेही धड आठवत नाही, हे मला अन्यायाचं वाटत होतं. कोर्टाने ते बेकायदा ठरवलं तेव्हा मला भरून आलं. मी ते लपवलं नाही.

फोनवर संगीत चालूच होतं. मी आवाज कमी केला आणि बाबांना कोंकणीत समजावून सांगितलं. करार, कलम हे शब्द मी टाळले. म्हटलं, “तुम्हाला घरात राहायला दिलंय. किल्ली पुन्हा मागायला विसरलात म्हणून बाहेर काढता येणार नाही, असं कोर्ट म्हणतंय.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मागीर दुसरो अर्ज नाका?” म्हणजे मग दुसरा अर्ज नको?

“नाका म्हणू नका. वेळ झाली की करूया. पण चुकला म्हणून तुम्ही बेकायदा होणार नाही.” सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं हेही सांगितलं. खोटा दिलासा द्यायची माझी छाती नव्हती. आणि तसंच झालं. अपील करण्याचा विचार असल्याचं सरकारकडून लगेच सांगण्यात आलं.

पन्नास मिनिटांनी फोन उचलला गेला. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, पत्ता, एकेक करून बाबांची ओळख पटवली. एजंटचा ईमेल गेला, बाबांच्या धाकट्या मुलाने मडगावहून उघडून दिलेला त्यांचा स्वतःचा ईमेल आला. त्यांनी बायकोला फोन लावला. मी निकालाचं पहिलं पान छापून दिलं. ते त्यांना वाचता येणार नव्हतं, पण त्यांनी घडी घालून बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ठेवलं.

फेब्रुवारीत सरकारने अपिलाचा विचार सोडला. सप्टेंबर 2023पासून प्री-सेटल्ड लोकांची मुदत संपण्याआधी आपोआप दोन वर्षांनी वाढू लागली. 2024च्या मार्चमध्ये बाब पुन्हा केंद्रात आले, रात्रपाळीनंतरच. या वेळी पिशवी नव्हती, फक्त फोन होता. मुदत वाढल्याचं पत्र आलं होतं, त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर. त्यांना ते कागदावर छापून हवं होतं.