वाटपापुरते तरुण

आरोग्यशिक्षणाच्या बहुतेक उपक्रमांत तरुणांना बोलावले जाते ते सगळे ठरून झाल्यावर. विषय कोणता घ्यायचा, त्यातले काय सांगायचे आणि काय गाळायचे, कोणत्या भाषेत व कोणत्या माध्यमातून सांगायचे, हे तज्ज्ञ आणि निधी देणारे मिळून निश्चित करतात. मग पत्रके छापून येतात, चित्रफिती तयार होतात आणि त्या पोचवण्यासाठी उत्साही, बोलक्या, फारसा मोबदला न मागणाऱ्या मुलामुलींचा शोध सुरू होतो. अहवालात या टप्प्याला ‘युवा सहभाग’ असे नाव मिळते. आरोग्यविषयक साहित्याचे संपादन करताना हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की, आता मसुदा हातात आला की मी आधी दोन प्रश्न विचारते: हा कोणत्या तरुणांनी वाचला आहे, आणि त्यांच्या म्हणण्यावरून यातले काय बदलले? पहिल्याचे उत्तर कधी कधी मिळते. दुसऱ्याचे क्वचितच.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी मांडलेली शिडी हा तिचा आधार. मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते बोलू देणे या तळाच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. प्रत्येक वेळी सर्वांत वरच्या पायरीवर चढलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता, हेही सांगायला हवे. परंतु घोषवाक्य छापलेला शर्ट घालून फेरीत चालणारी मुले कोणत्या पायरीवर आहेत, हे ओळखायला ती शिडी आजही पुरेशी आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारातील बारावे कलम मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताची त्यांच्या वयानुसार व समजुतीनुसार योग्य दखल घेतली जाण्याचा हक्क देते. यातला पहिला भाग सर्वांना पाठ असतो.

समवयस्क शिक्षण, म्हणजे तरुणांनी तरुणांना माहिती देणे, हा अनेक दशके सर्वांचा आवडता मार्ग राहिला आहे. किशोरवयीनांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या उपक्रमांविषयी वेंकटरामन चंद्रमौली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाने या आवडीला चांगलाच धक्का दिला. माहिती पसरवण्यापलीकडे, लोकांच्या वागण्यात बदल घडवण्यात समवयस्क शिक्षणाचा प्रभाव मर्यादित दिसतो आणि सर्वाधिक लाभ होतो तो ते काम करणाऱ्या तरुणांनाच, असे त्यात म्हटले होते. ‘म्हणजे तरुणांना घेऊन उपयोग नाही’ असा अर्थ यातून काढणारे भेटतात. मला त्यात नेमके उलटे दिसते. ज्यांनी दुसऱ्याला सांगण्यासाठी विषय समजून घेतला, शंकांना तोंड दिले, उत्तर सापडेना तेव्हा शोधाशोध केली, ते शिकले. ज्यांच्या हातात नुसते पत्रक पडले, ते शिकले नाहीत. तेव्हा वाटप करणाऱ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा त्या पहिल्या कामात अधिक जणांना ओढून घेणे शहाणपणाचे ठरेल.

याचे एक जुने उदाहरण मला फार आवडते. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने डेव्हिड मॉर्ले आणि ह्यू हॉज यांनी लंडनमधून मुलांनी मुलांना आरोग्य शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. त्याच काळात पश्चिम मेक्सिकोच्या डोंगराळ भागात डेव्हिड वर्नर आणि स्थानिक आरोग्य कार्यकर्ते हेच काम मुलांसोबत करत होते. अतिसारात शरीरातले पाणी कमी झाले म्हणजे काय होते, हे मुलांनी भोपळ्याच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीच्या बाळावर शोधून काढायचे. बाळाच्या डोक्याला एक भोक, त्यावर ताणून बसवलेला ओला पातळ कपडा. खाली एक बूच. पाणी काठोकाठ भरायचे आणि खालचे बूच काढायचे. पाणी वाहू लागले की वरचा कपडा आत खचत जातो, तान्ह्या बाळाची टाळू खचते तसा. मुले ते पाहतात, कपडा पुन्हा वर यायला किती पाणी घालावे लागते ते स्वतः करून बघतात, आणि बाहेर गेले तेवढे आत गेले पाहिजे या निष्कर्षाला आपणहून येतात. ‘जुलाब झाल्यास भरपूर पाणी पाजा’ या छापील ओळीत ही वाटचाल कुठेच नसते. त्यापुढे घरी जाऊन धाकट्या भावंडाची काळजी घेणारे मूल निरोप्या राहत नाही. का पाजायचे, हे त्याला सांगता येते.

समन्यायाचा प्रश्न यापेक्षा टोकदार आहे, कारण तिथे मजकूर कोणासाठी लिहिला आहे हेच तपासावे लागते. पुरळ लाल दिसते, ओठ निळे पडतात, ही वर्णने वर्षानुवर्षे जशीच्या तशी उतरवली जातात. गडद त्वचेवर तीच लाली जांभळट, तपकिरी किंवा करडी दिसू शकते, आणि निळेपणा राखाडी वाटू शकतो. पत्रक वाचून लाल डाग शोधणाऱ्या आईला तो सापडत नाही आणि ती निश्चिंत होते. ही उणीव पाठ्यपुस्तकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना खुपली नव्हती असे नाही, पण ती भरून काढण्याचे एक ठळक काम विद्यार्थिदशेतल्या मलोन मुक्वेंडे यांनी केले. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात वैद्यक शिकत असताना, मार्गोट टर्नर आणि पीटर टॅमनी या अध्यापकांसोबत त्यांनी २०२० मध्ये काळ्या व तपकिरी त्वचेवर आजारांची चिन्हे कशी दिसतात याची हस्तपुस्तिका तयार केली. पुढच्याच वर्षी नायजेरियाचे वैद्यकीय विद्यार्थी चिडीबेरे इबे यांनी काढलेले काळ्या गर्भवतीचे व तिच्या पोटातल्या काळ्या गर्भाचे चित्र जगभर पोचले, आणि असे चित्र आपण यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते हे असंख्य लोकांना तेव्हा जाणवले. मुक्वेंडे यांच्या उदाहरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सहलेखकांची नावे. विद्यार्थ्याने उणीव दाखवली आणि जाणत्यांनी त्याला सोबत केली. हार्ट यांच्या शिडीवरची सर्वांत वरची पायरी अशीच असते.

पोचण्याजोगे साहित्य म्हणजे सोपी भाषा, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. लैंगिक संसर्गांवरच्या एका पत्रकाचा मसुदा सोळा-सतरा वर्षांच्या काही मुलामुलींनी वाचला, तेव्हा वैद्यकीय मजकुरावर त्यांनी विशेष शंका काढल्या नाहीत. ती मुले अडली ती शेवटच्या ओळीवर: ‘अधिक माहितीसाठी जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.’ एकट्याने गेले तर चालते का? नाव लिहून घेतात का? घरी कळवतात का? शाळा सुटेपर्यंत ते उघडे असते का? एका मुलीने विचारले की, दारातच कोणी मोठ्या आवाजात ‘कशासाठी आलीस?’ असे विचारले, तर मागच्या रांगेला ऐकू न जाता काय उत्तर द्यायचे. या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार आणि प्रत्येक केंद्राच्या रीतीनुसार बदलतात, म्हणूनच लिहिणारे ती टाळतात आणि संपर्क साधण्याचा सल्ला देऊन मोकळे होतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खरे पत्रक तिथून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये किशोरवयीनांच्या आरोग्यसेवांसाठी जी आठ मानके जाहीर केली, त्यांतले पहिले आरोग्यसाक्षरतेचे, सहावे समन्यायाचे आणि आठवे किशोरवयीनांच्या सहभागाचे आहे. वरच्या एका ओळीत ही तिन्ही मानके एकदम तपासली गेली.

अपंग तरुणांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. एका चित्रफितीत सांकेतिक भाषेतल्या दुभाष्याची चौकट उजव्या कोपऱ्यात खाली होती आणि अक्षरपट्टीही खालीच होती. दोन्ही सोयी दिल्याबद्दल सगळे समाधानी होते. कर्णबधिर तरुणीने ती पाहिली आणि सांगितले की, पट्टी दोन ओळींची झाली की दुभाष्याचे हात झाकले जातात. चौकट वर सरकवायला फारसा वेळ लागला नाही. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) सांगितला आहे, तो यंत्राने मोजता येतो आणि मोजावाच, पण हात झाकले जाणे कोणत्याही यंत्राने सांगितले नसते. छायाचित्रांना शब्दवर्णन नसणे, स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला न कळणारी स्कॅन केलेली पाने, कमी डेटात न उघडणारी जड फाइल, या गोष्टीही त्या वापरणारा माणूस खोलीत असला तरच वेळेवर लक्षात येतात.

आता खोलीत कोण असते, याकडे वळते. बोलावणे जाते ते बहुधा आधीच बोलायला सरावलेल्यांना: वक्तृत्वात बक्षीस मिळवलेल्यांना, संस्थेच्या भाषेत सफाईदार बोलणाऱ्यांना, कामावर खाडा न होता दिवसभर बसू शकणाऱ्यांना. विनामोबदला सहभाग मागितला की गरीब तरुण आपोआप गळतात, आणि मग जो मजकूर त्यांच्यासाठी म्हणून तयार होतो त्यावर त्यांची नजरच पडत नाही. प्रवासखर्च, बुडालेल्या मजुरीची भरपाई, लहान मूल असलेल्या तरुण आईसाठी पाळणाघराची सोय, हे खर्च अंदाजपत्रकात ‘इतर’ या रकान्यात सुद्धा दिसत नाहीत. छपाईच्या कागदाची जाडी मात्र त्यात तपशीलवार दिलेली असते.

तरुणांना निर्णयात घेणे म्हणजे वैद्यकीय तथ्यांवर मतदान घेणे नव्हे. लस कशी काम करते किंवा प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम का होत नाही, हे बहुमताने ठरत नाही आणि तिथे तज्ज्ञाचा शब्द अंतिम असला पाहिजे. पण लसीविषयी या आठवड्यात कोणती अफवा फिरते आहे, ती कोणाच्या तोंडून आल्यामुळे खरी वाटते आणि तिला उत्तर देताना कोणत्या सुरामुळे ऐकणारा लगेच पाठ फिरवेल, हे तज्ज्ञाला ठाऊक असण्याचे कारण नाही. आणि ज्या अनुभवांविषयी बोलायला लावायचे, ते अनेकदा दुखरे असतात. मानसिक आरोग्याच्या साहित्यासाठी एखाद्याची कहाणी मागताना ती नंतर मागे घेण्याचा हक्क, नाव न छापण्याचा हक्क आणि बोलून झाल्यावर आधाराला कोणीतरी असणे, हे आधी ठरवून घ्यावे लागते. कहाणी भावली म्हणून ती पोस्टरवर चढवण्याची घाई मला अजिबात पटत नाही.

यातले बरेचसे वेळापत्रक बदलून साधते. मसुदा छपाईला जाण्याच्या आदल्या आठवड्यात दाखवला, तर तरुण फार तर चित्रातला शर्ट बदलायला सांगू शकतात. विषयनिवडीच्या बैठकीत ते असतील, तर ते विषयच बदलू शकतात, आणि तेवढी मुभा द्यायची तयारी नसेल तर तसे त्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. सूचना घेतल्यानंतर कोणती स्वीकारली, कोणती नाही आणि का, याचे एक पान लिहून ते त्यांच्याकडे परत पाठवावे, अशी अट मी अलीकडे संपादनाचे काम स्वीकारतानाच घालते. त्यावर काही संस्थांनी काम दुसरीकडे दिले, काहींनी कुरकुरत का होईना ते पान लिहिले, आणि एका ठिकाणी तर नाकारलेल्या सूचनांची कारणे लिहिता लिहिता त्यांतल्या निम्म्या स्वीकाराव्या लागल्या.