ईसर पडला

पाण्याचा रिकामा तांब्या हातात, आणि मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी. कशाला आले होते?

पुण्याहून परभणीला आलेली भाची म्हणाली, "मावशी, ब्रेन फार्ट!" म्हणजे मेंदूचं पादणं. २०१५ साली ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशातही हा शब्द आलाय.

आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "ईसर पडला व्हय? उंबऱ्यापर्यंत माघारी जा, आठवतंय."

गेले. ओसरीवर शेजारचे काका घाम पुसत बसलेले. पाणी!

भाचीच्या शब्दानं मी ओशाळले होते, आईच्या नाही. ईसर पडतो, जसा अंधार पडतो, पाऊस पडतो. त्यात माणसाचा काय दोष?

तुमच्याकडं याला काय म्हणतात?