वॉलपेपर आहे, मग मेनू गेला कुठे?

संगणकावर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स घालताना पडद्याने दगा दिला की जो तो एकच औषध सांगतो: सुरू होतानाच्या आज्ञेत 'नोमोडसेट' हा शब्द टाक. औषध खोटं नाही. पण ते लागू पडलं की माणसं तिथंच थांबतात, याचा मला वैताग येतो. गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका वाचनालयाचा संगणक मार्गी लावला, त्यावरून हे लिहितोय.

संगणक म्हणजे टीचभर डबा. २०१० च्या आसपासचा, ॲटम प्रोसेसर, ४ जीबी रॅम. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मग आमच्या भागातली खाणींची ऑफिसं ओस पडली आणि तिथलं सामान असं गावोगाव पोचलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती याच्याकडे नावालाही नाही. काम तरी काय, पुस्तकांच्या नोंदी आणि सभासदांची वर्गणी. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्याला पुरे.

मिंट भरलेला पेनड्राइव्ह लावला. ग्रबचा, म्हणजे संगणक सुरू होताना काय चालू करायचं ते विचारणारा, मेनू आला, मिंटचं चिन्ह आलं आणि मग नुसता वॉलपेपर. खालची पट्टी नाही, मेनू नाही, इन्स्टॉलचं आयकॉन नाही. ग्रंथपाल बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, चित्र दिसता, पूण बटणां खंय गेलीं?"

प्रश्न अगदी नेमका होता. चित्र कुठल्या पायरीला गेलं आणि जाताना मागे काय ठेवून गेलं, हे आधी बघायचं. ग्रबही दिसत नसेल तर लिनक्सचा काही संबंध नाही. केबल, मॉनिटर, रॅम तपासा. आमच्याकडच्या दमट हवेत रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसले तरी अर्धी दुखणी जातात. ग्रबनंतर सगळं काळं पडलं तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. इथे मात्र वॉलपेपर होता, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा), ड्रायव्हर, डेस्कटॉप सगळे जागेवर होते. डेस्कटॉपचं सामान भलतीकडेच मांडलं गेलं होतं, इतकंच.

माउस हळूहळू डावीकडे नेला. कडेला अडायच्या ऐवजी बाण पलीकडे निघून गेला आणि परत आणायला माउस बराच ओढावा लागला. म्हणजे त्या बाजूला आणखी एक पडदा आहे अशी या डब्याची ठाम समजूत होती. वॉलपेपरवर उजवी क्लिक करून टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडलं, जोडलेले पडदे सांगणारी 'एक्सरँडर' ही आज्ञा लिहून एंटर मारलं. दोन नावं आली आणि दोन्हींपुढे 'कनेक्टेड': व्हीजीए-१ (आमच्या मॉनिटरची केबल) आणि एलव्हीडीएस-१.

एलव्हीडीएस ही लॅपटॉपच्या आतल्या पडद्याकडे जाणारी जोडणी. या डब्याला कसला आलाय आतला पडदा! पण बायोसमधल्या, म्हणजे संगणकात मुळातच भरलेल्या प्रोग्राममधल्या, तक्त्यात 'पडदा आहे' असं लिहून ठेवलेलं असतं आणि कर्नल त्यावर विश्वास ठेवतो. हा प्रकार इतका जुना आहे, की इंटेलच्या ग्राफिक्सच्या कर्नल ड्रायव्हरमध्ये 'यांच्या एलव्हीडीएसवर विश्वास ठेवू नये' अशा मॉडेलांची यादीच आहे. आमचा डबा त्या यादीत यायचा राहिला असावा.

आता नोमोडसेट. पडद्याचा आकार, रंग वगैरे कर्नल स्वतः ठरवतो, त्याला हा शब्द मनाई करतो. मग बायोसने जे चित्र उभं केलंय त्यावरच भागवायचं. टाकून पाहिलं, तो नसलेला पडदा गायब, मेनू हजर! बाई खूश. पण पडदा १०२४ बाय ७६८ वर अडकलेला आणि खिडकी ओढली की ती रखडत मागून येणार. ग्राफिक्सची माहिती विचारायला टर्मिनलात 'आयएनएक्सआय', जागा सोडून वजाचं चिन्ह आणि कॅपिटल जी लिहिलं, तर 'एलएलव्हीएमपाइप' असं उत्तर आलं. याचा अर्थ ग्राफिक्सचं सगळं ओझं प्रोसेसरवर, तेही ॲटमवर. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्यांनी नोमोडसेटने आत शिरावं, ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घालावा आणि तो शब्द काढून टाकावा. कायमचा ठेवायची ती वस्तू नव्हे.

आमचा इलाज निराळा होता. ग्रबच्या मेनूवर 'ई' दाबायचं, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची आणि तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे एक जागा सोडून लिहायचं: व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी. सगळं इंग्रजीत, 'व्हिडिओ' लहान अक्षरांत, एलव्हीडीएस कॅपिटलमध्ये. शेवटचा 'डी' ती जोडणी बंद करतो. मग एफ१० दाबून पुढे जायचं. जोडणीचं नाव कर्नलच्या भाषेतलं हवं, एक्सरँडर कधी मधली आडवी रेघ गाळतो. खरं नाव 'सिस-क्लास-डीआरएम' या फोल्डरात मिळतं. असं लिहिलेलं त्या एका सुरुवातीपुरतंच टिकतं, म्हणून इन्स्टॉल झाल्यावर 'ईटीसी-डिफॉल्ट'मधल्या ग्रब फाइलीत घालून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं. पट्टी आली, मेनू आला, खिडक्या सरसर हलू लागल्या.

तरी पडदा १०२४ वरच! मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, रंग शुद्ध, चित्र स्थिर, फक्त आडवं ताणलेलं. अशा वेळी केबल हातात घ्यावी. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना रंग वाहत नाहीत; मॉनिटर आपली माहिती त्यांतून कळवतो. आमच्या केबलची १२ नंबरची पिन वाकून आडवी झाली होती, सरळ करायला गेलो तर तुटूनच आली. (९ नंबरची पिन पुष्कळ केबलींना मुळातच नसते, तिच्या मागे लागू नका.) माहिती पोचली नाही की संगणक बेताचा आकार धरून बसतो. 'सीव्हीटी' या आज्ञेच्या मदतीने आकार हाताने घालता येतो. १३६६ ला ८ ने भाग जात नाही म्हणून तो १३६८ देतो, चालून जातं. पण तो खटाटोप केबल मिळेपर्यंतचा.

शुक्रवारी म्हापशाला गेलो तेव्हा नवी आणली. लावली, १३६६ आपोआप आलं. जुनी केबल मी तिथंच कापून टाकली. कपाटात ठेवली असती तर पुढच्या कार्यक्रमाला कुणीतरी ती प्रोजेक्टरला लावली असती.