पाळण्यातलं नाव कुठून येतं?

शाळेत संस्कृत शिकवण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही एक काम माझ्याकडे आपसूक येतं. ओळखीत कुणाकडे बाळ झालं की व्हॉट्सॲपवर निरोप येतो : 'बाई, "र" आलंय. दोन-तीन अक्षरी, जरा वेगळं, आणि अर्थ चांगला हवा.' मला हे काम फार आवडतं. बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून जे सांगते, ते त्याला जन्मभर पुरायचं असतं.

अलीकडे मात्र नाव आधीच ठरलेलं असतं. मला फक्त विचारायचं, 'अर्थ बरोबर आहे ना?' सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव रेयांश. 'सूर्यकिरणाचा अंश' असा अर्थ कुठल्यातरी वेबसाइटवर मिळालेला असतो. संस्कृतात किरणाला रश्मी आहे, मयूख आहे, मरीची, गभस्ती, दीधिती आहे. 'रे' सुद्धा आहे, पण तो हाक मारताना. किरणवाला 'रे' इंग्रजीतला. नाव गोड आहे, जरूर ठेवा, पण ते संस्कृत आहे असं त्या लेकराला सांगू नका. आजच्या आईबापांनी जोडून तयार केलेलं नाव आहे, एवढं सांगितलं तरी त्याला पुरेल. ते खरं आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

कियानचंही तेच. 'देवाची कृपा' असा अर्थ सांगतात. नाव आहे फारसी. इराणच्या पुराणकथांमधल्या राजांना 'कै' म्हणत, कैखुश्रू मधला कै तोच, आणि त्याचं अनेकवचन कियान. हा 'कै' आला अवेस्तातल्या, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातल्या, 'कवि' या शब्दावरून. म्हणजे आपलाच कवि! आपल्याकडे वेदांत कवि म्हणजे द्रष्टा, शहाणा. तिकडे ती राजाची पदवी झाली. आणि खुश्रू म्हणजे अवेस्तातला 'हओस्रवह', आपला सुश्रवस्, ज्याची कीर्ती चांगली तो. इतकी सुंदर हकिगत असताना 'देवाची कृपा' कशाला चिकटवायची?

हे सगळं मी शिकले ते एका विद्यार्थ्यामुळे. नाना पेठेत राहणारे एक पारशी गृहस्थ, साठी उलटलेले, माझ्याकडे संस्कृत शिकायला येत. त्यांनी एका शंभर पानी वहीत घरातल्या आणि नात्यातल्या माणसांची नावं एकाखाली एक लिहून आणली होती, आणि शेजारचा रकाना मोकळा सोडला होता. 'बाई, आ तुमच्या भाषेत काय होते ते लिवा,' म्हणाले. मी पुस्तकं काढून बसले.

अर्देशीर. जुन्या इराणी भाषेत 'अर्त' म्हणजे सत्य, विश्वाचा नियम. तो आपला ऋत. पुढचा भाग क्षत्र, म्हणजे सत्ता. ज्याचं राज्य ऋतावर उभं आहे तो अर्देशीर. पहिला भारतीय बोलपट काढणारे अर्देशीर इराणी १८८६ साली आपल्या पुण्यात जन्मले, आणि ते नाव ऋग्वेदाच्या इतक्या जवळचं आहे! बेहराम म्हणजे अवेस्तातला वेरेथ्रघ्न. तेच आपल्याकडे वृत्रघ्न, वृत्रहन्, इंद्राचं विशेषण. मेहेर म्हणजे मिथ्र, अर्थात वेदातला मित्र. मेहेरबाबा १८९४ साली पुण्यातच जन्मले. पाळण्यातलं नाव मेरवान, मेहेर हे पुढे भक्तांनी म्हटलेलं.

आणि जमशेद. या नावापाशी मी बराच वेळ थांबले. जमशेदचं जुनं रूप यिम क्षएत, तेजस्वी यिम. यिमाचा बाप वीवंघ्वन्त, आपल्या यमाचा बाप विवस्वान. म्हणजे जमशेद हा यमच! आपण मुलाचं नाव यम ठेवायचं मनातही आणणार नाही, कारण आपल्याकडे तो मेलेल्यांचा राजा झाला. इराण्यांच्या कथेत तो सुवर्णयुगाचा राजा राहिला, ज्याच्या राज्यात मरण नव्हतं, कडाक्याची थंडी नव्हती. नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, जमशेदी नवरोज म्हणतात तेही त्याच्याच नावानं. त्या रकान्यात मी 'यम' असं लिहिलं तेव्हा माझा हात जरा अडखळला. ते मात्र खूष झाले. घरी जाऊन नातवाला दाखवतो म्हणाले.

मराठी घरात फारसी-अरबी नावं शिरली त्याचं आपल्याला भानही नसतं. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं बखरी सांगतात. शाह या शब्दाचा मूळ धातू आणि आपल्या क्षत्र शब्दाचा धातू एकच आहे. आणि ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी पुण्यात येते, त्या सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा. हैबत अरबी शब्द, धाक, दरारा. आळंदीच्या महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीवर डोकं टेकवताना कुठल्याही वारकऱ्याला ते नाव परकं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. ते केव्हाच मराठी झालेलं आहे.

हेच बेने इस्राएल लोकांनी उलट बाजूनं केलं. कोकणातून आलेले हे मराठी ज्यू. रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर घरीदारी सामाजी हसाजी दिवेकर होते. इझेकिएलचा हिब्रू अर्थ 'देव बळ देतो'. त्याचा हसाजी झाला, आणि दिवेआगरवरून दिवेकर. माझ्या मते मराठीतलं इतकं देखणं नाव दुसरं नसेल.

बालीमध्ये मुलांची नावं जन्मक्रमानं ठेवतात. दुसऱ्याचं नाव माडे, ते 'मध्य' वरून. घानाच्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नान शुक्रवारचे. आपल्याकडे ठाण्या-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावं आहेत ती त्याच वळणाची.

काही नावांचा अर्थ इतका उघड असतो की तो कुठे शोधावा लागत नाही. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून धोंडू, दगडू ठेवायचे, काळाची नजर लागू नये म्हणून; त्यात माया होती. नकोशी या नावात ती नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात २८५ नकोशींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. या मुलींना वर्गात हजेरीला रोज त्या नावावर 'हजर' म्हणावं लागत होतं. मी जन्मभर हजेरी घेतली आहे. त्या हजेरीचा विचार मला अजून सहन होत नाही.

बायकांच्या नावांबाबत आपण एकूणच निष्काळजी राहिलो. माझ्या आजीला सगळे लक्ष्मी म्हणून ओळखत. ती गेल्यावर माळ्यावरची भांडी काढली, त्यात एक लहान तांब्या निघाला. त्याच्या गळ्यापाशी, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं : 'चि. यमू'. माहेरची यमुना. यमाची बहीण, म्हणजे जमशेदची बहीणच म्हणायची. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि यमू संपली. माझ्या भाचीच्या लग्नात गुरुजींनी ताट पुढे केलं तेव्हा नवऱ्या मुलानं तिचंच नाव लिहिलं. मला त्या मुलाचं फार कौतुक वाटलं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. त्या निमित्तानं मी आमच्या घरातल्या बायकांची माहेरची नावं वर जाता येईल तितकी लिहून काढते आहे. यमूच्या आईपाशी अडले आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांच्या भेटीची नोंद मिळायला हवी. बरोबर आलेल्या मंडळींची नावं कधी कधी त्यात लिहिलेली असतात. दिवाळीनंतर जाणार आहे.