शाळेच्या संगणकांवर डेबियन: सगळं अडलं ते बिलापाशी

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस, साजरा होतो. गेल्या वर्षी आम्ही चार मित्रांनी तो आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत करायचं ठरवलं. पालकांना आणि मुलांना डेबियन, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, दाखवायचं, आणि शाळेची तयारी असेल तर संगणक कक्षात बसवूनही द्यायचं. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि तिथली जुनी मशीन्स विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती. मुख्याध्यापक बाई पहिल्या भेटीतच हो म्हणाल्या.

अडलं ते संस्थेच्या कार्यालयात. "कंपनी कुठली? बिल कुठंय? लायसन्स नंबर?" भाऊसाहेबांचे हे तीन प्रश्न. कंपनी नाही, स्वयंसेवक बनवतात, असं सांगितलं की ते अर्ज बाजूला ठेवायचे. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, बिल क्रमांकाचा रकाना असतो आणि तो रिकामा राहिला तर ऑडिटमध्ये शेरा बसतो. पूर्वी विनापरवाना सॉफ्टवेअरवरून असा शेरा बसलाही होता. त्यामुळे फुकटचं म्हणजे चोरीचं, हे त्यांच्या मनात पक्कं. त्यांची भीती मला कळत होती, तरी चीड यायची ती यायचीच. अर्ज आवकला पडून. साहेब मीटिंगला, मग साहेब रजेवर, मग गणपती. (अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. आमच्याकडे पोच होती म्हणून अर्ज सापडला.)

तोंडी समजावणं शेवटी सोडलं आणि कागद जमवले. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची प्रत छापली: वापरा, वाटा, बदला, अशी लेखी मुभा त्यात आहे. ती इंटरनेटवर शोधावीही लागत नाही, डेबियन बसवलेल्या प्रत्येक मशीनवर कॉमन-लायसन्सेस नावाच्या फोल्डरमध्ये असते. इयन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो, आणि देणग्या व नाव सांभाळायला अमेरिकेत सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे, हे एका पानावर मराठीत लिहून दिलं. केंद्र सरकारचं २०१५ चं ओपन सोर्स (खुल्या सॉफ्टवेअरच्या वापराचं) धोरण जोडलं. आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची बॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवरच उभी आहे, हेही लिहिलं. सी-डॅकचं नाव वाचल्यावर भाऊसाहेब पहिल्यांदा म्हणाले, "बसा." रजिस्टरमध्ये नोंद झाली: किंमत शून्य, परवाना जीपीएल व इतर. ती ओळ पाहून मला जो आनंद झाला, तो पुढे कार्यक्रमातही झाला नाही.

कार्यक्रम छान झाला. डेबियन पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे मशीनवर न बसवता, चालवून दाखवा, हार्डडिस्कला हात लागत नाही म्हटल्यावर पालक निर्धास्त होतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न मराठी टायपिंगचा असतो, म्हणून इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड आधीच चालू करून ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली मात्र नीट दिसत नाहीत, हे लपवू नका. वायफायची चिंता कमी झाली आहे, कारण २०२३ च्या डेबियन १२ पासून लागणारं फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. मशीन फारच जुनं, ३२ बिटचं असेल तर डेबियन १३ त्यावर बसणार नाही, तेव्हा आधी तपासा.

आणि मशीनमधल्या फायलींची कॉपी काढायच्या आधी बाईंकडून लेखी संमती घ्या, मुलांचे प्रकल्प त्या मशीन्सवर असतात. अर्ज मात्र जूनमध्ये, शाळा उघडताच द्या. कागदांचा संच आता आमच्याकडे तयार आहे. शेजारच्या गावातल्या शाळेने तो मागितला, तसाच झेरॉक्स करून दिला.