सूर्यफुलाच्या उंचीची मुले

जर्मनीतील हॅम्बर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयातील ‘ह्यूल्झेनबेक मुले’ हे जर्मन चित्रकार फिलिप ओटो रुंगे याचे चित्र मला रोमँटिक (स्वच्छंदतावादी) काळातील बालचित्रांमध्ये सर्वांत धीट वाटते. रुंगेने १८०५-०६ मध्ये आपल्या भावाच्या व्यापारातील भागीदाराची तीन मुले त्यात रंगवली. मुलाला निसर्गक्रमानेच वाढू द्यावे, हा विचार तत्त्वज्ञ रूसोने १७६२ मध्ये ‘एमिल’ या ग्रंथातून आग्रहाने मांडला होता, आणि पुढे इंग्लंडमध्ये चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने झाडांच्या सान्निध्यात बसलेली निरागस बालिकाही रंगवली होती, परंतु तिथे निसर्ग पार्श्वभूमीपुरता राहतो आणि मूल मोठ्यांच्या कौतुकासाठी समोर बसवलेले दिसते.

रुंगे ही मोठ्यांची नजरच बाजूला सारतो. चित्रातली दृष्टी त्याने मुलांच्या उंचीवर आणली आहे. त्यामुळे कुंपण ठेंगणे होते, हॅम्बर्ग शहर दूर क्षितिजावर उरते आणि ही चिमुकली मुले चित्रभर भव्य होऊन उभी राहतात. छोट्या ओढगाडीत बसलेल्या धाकट्याने शेजारच्या सूर्यफुलाचे पान मुठीत पकडले आहे. त्या झाडाची फुले त्याच्या डोक्याच्याही वर गेली आहेत, आणि बाळाची मूठ व झाडाचे पान रुंगेने सारख्याच जोमाने रंगवल्यामुळे दोघांत एकच जीवनरस वाहत असावा असे वाटते. मधला मुलगा चाबूक उगारून थेट आपल्याकडे पाहतो. थोरली बहीण मात्र मागे वळून धाकट्यावर लक्ष ठेवते. झाडाशी एकजीव असलेल्या बाळापासून दुसऱ्याची काळजी वाहणाऱ्या मुलीपर्यंतचा जाणिवेचा प्रवास या एवढ्याशा गाडीभोवती उलगडतो. यांतल्या एकाही चेहऱ्यावर गोडवा आणलेला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

१८०८ च्या ‘लहान सकाळ’ या चित्रात रुंगेने नवजात बालक उघड्या कुरणावर ठेवले आणि वर आकाशात उषादेवी उभी केली. दिवसाच्या चार प्रहरांवर मोठी चित्रे रंगवण्याचा त्याचा संकल्प होता, पण १८१० मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी क्षयाने त्याचा मृत्यू झाला आणि तो अपुराच राहिला. ‘लहान सकाळ’मधील प्रकाश विलक्षण आहे, तरीही तिथले बालक सृष्टीच्या आरंभाचे प्रतीक होऊन जाते, आणि हॅम्बर्गच्या व्यापाऱ्याच्या मुलाने धरलेले ते पान मला अधिक खरे वाटते.